रंगाचा रकाना

मंदाताई गेल्या हे मला माझ्या मुलीकडून कळलं. मंदाताईंचं घर माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे, अमरावतीतच. वृषाली नोकरीनिमित्त अकोल्याला. तरी बातमी आधी तिला. "आई, मंदाताई गेल्या. तू हो पुढे, मी निघालेच," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दुःख तर झालंच. पण खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही. कित्येक वर्षं वृषाली गावात आली की आधी त्यांच्याकडे जायची, मग घरी. का, ते मला ठाऊक होतं. आता महिना उलटून गेला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मंदाताई मूळच्या तेल्हाऱ्याच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा इथं येऊन त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ काढलं. दर रविवारी दार सताड उघडं. मी शाळेत मराठी शिकवायची, अक्षर बरं, म्हणून फॉर्म उतरवून द्यायला जाऊन बसू लागले. त्यांचा फॉर्म जगावेगळा होता. त्यात रंगाचा रकाना नव्हता, जातीचाही नव्हता. लोक बिलंदर, जात समासात लिहायचे, तीही सगळ्यात ठळक अक्षरात. मुलांच्या फॉर्मवर मात्र एक जादा प्रश्न असे : स्वयंपाकात काय काय येतं? एका बापानं तिथं 'गरज नाही' असं लिहून दिलं. मंदाताईंनी कागद त्याच्या हातात परत ठेवला. "मंग पोट्टीचीबी गरज नाई तुमाले. या आता."

त्यांची आणखी एक अट होती. पहिल्यांदा मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी जायचं, आणि पोहे मुलानं करून आणायचे. शंभरातले पाच-सहा कबूल होत, बाकीचे दुसऱ्या मंडळाचा रस्ता धरत. एका मुलानं पोह्यांत मीठच घातलं नव्हतं, तरी मुलीनं होकार दिला, हे त्या सगळ्यांना रंगवून सांगायच्या. पण असे प्रसंग थोडे. बाकी रविवारमागून रविवार तेच... मुलगी उजळ आहे ना? फोटोत तशीच दिसते ना? शेवटच्या काही वर्षांत त्या फार दमल्या होत्या. एकदा दुपारी चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, मी थकली जी. हे लोकं पोट्टी पाहाले येत नाई, कापूस पाहाले येतेत. पांढराशुभ्र पाहिजे, जराशी पिवळी कवडी चालत नाई. आन् हे पोराच्या मायाच इचारतेत, बापं नाई!"

मी मान हलवली होती. आणि त्याच मी, कितीतरी वर्षांपूर्वी वृषालीचा फॉर्म भरताना, समासात 'निमगोरी' असं लिहिलं होतं. वृषाली सावळी आहे, चांगली गडद सावळी. तिच्या जन्मापासून घरात कोणी तो शब्द तिच्यादेखत उच्चारला नाही. मीही नाही. आम्ही 'नाकीडोळी नीटस' म्हणायचो, आणि डाळीचं पीठ, दुधाची साय, काय काय तिच्या चेहऱ्याला फासायचो. मंदाताईंनी फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "हे काय लिवलं? तुमी पोरीले उजळ करून नाई राहिल्या बाई, तिले खोटी पाडून राहिल्या. खोडा ते." मला राग आला. आपली मुलगी असती तर कळलं असतं, असंही मनात आलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी कागद उचलला आणि दुसऱ्या मंडळात दिला, सोबत स्टुडिओत उजळ करून घेतलेला फोटो.

त्या फोटोवर अकोल्याचं एक स्थळ आलं. चांगली माणसं होती, तेच वाईट. मुलाच्या आईनं पोहे खाल्ले, वृषालीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "फोटोत जरा वेगळी वाटली होती." मी घाईघाईनं म्हटलं, "उन्हानं रापलीय हो. एनसीसीत होती ना." वृषालीनं मनगटावरचं घड्याळ काढलं, टीपॉयवर ठेवलं आणि हात त्या बाईंपुढे धरला. "काकू, घड्याळाखालीही असाच आहे," ती म्हणाली. पाहुणे गेल्यावर तिनं मला एकच विचारलं, "काहून लिहिलंस आई?" त्यानंतर तिनं कोणालाच बघू दिलं नाही, माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, आणि मंदाताईंनी ते खोडायला सांगितलं होतं हे कळल्यापासून त्यांच्याकडे जाऊ लागली. मी लाजेनं रविवारी जायचं बंद केलं. तर मंदाताईंचाच निरोप आला : अक्षर तुमचंच चांगलं हाये, या. गेले तर चहा पुढे केला, त्या विषयाचं अवाक्षर नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या भाच्यानं फॉर्म आवरायला बोलावलं, म्हणून मी आणि वृषाली त्या खोलीत बसलो होतो. सवयीनं दार उघडंच ठेवलं होतं. शेंदूरजनाघाटचं एक जोडपं चढून आलं. संत्र्याचा बगीचा, मुलगा शिकलेला. मंदाताई गेल्याचं ऐकून हळहळले. मग बाई बसल्या आणि म्हणाल्या, "आमाले काई नको जी. फक्त पोरगी उजळ पाहिजे. आमचा पोरगा काळा हाये, मंग लेकरं तरी बरी होतीन."

इतके रविवार मी अशा वेळी खाली बघून लिहीत राहिले होते. बोलायच्या त्या मंदाताई. आता त्यांची खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, "बाई, ही माझी मुलगी. सावळी आहे. एकदा मी फॉर्मवर तिचा रंग खोटा लिहिला होता. तिला फार लागलं ते. मी चुकले होते." बाई गोंधळल्या. "नाई जी, नाव कोण ठेवून राहिलं? नाकीडोळी छान हाये की," असं म्हणत उठल्या, आणि दोघं निघून गेले. बहुतेक दुसऱ्या मंडळात गेले असतील.

वृषाली हातातल्या गठ्ठ्याकडे बघत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं लागली आई तुला."

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ सरकली आणि अर्धा गठ्ठा तिनं माझ्यापुढे ठेवला.