परत आलेली छबी

दर शनिवारी मी आमच्या गावच्या बालगृहात गाणी शिकवायला जाते. परवा गेले, तर व्हरांड्यात सहा-सात वर्षांची छबी बसलेली. दिवाळीआधी एका जोडप्याने तिला दत्तक घ्यायचं म्हणून घरी नेलं होतं. अंगात चांगला फ्रॉक, शेजारी नवी बॅग. मला वाटलं, भेटायला आली असेल.

"परत आणून सोडलीय," तिथे मुलांना सांभाळणाऱ्या सुमनमावशी हळूच म्हणाल्या. "जमत नाही म्हणाले. अंथरूण ओलं करते, फार हट्ट करते."

रंग गेला म्हणून मी एकदा दुकानात साडी परत केली होती. तेव्हासुद्धा दुकानदाराने मला चार प्रश्न विचारले होते.

मुलं तिच्याभोवती जमली. "तिथे तुला वेगळी खोली होती?"

"होती."

"मग आलीस कशाला?"

ती खाली बघत राहिली. मोठ्यांचंही चुकतं, हे या वयात कुणी सांगत नाही. मग मूल आपलीच चूक शोधत बसतं.

जेवणाची वेळ झाली. "छबी, चल गं," मावशींनी हाक मारली. ती हलली नाही. त्या घरी तिचं नाव अन्वी ठेवलं होतं. मावशी जवळ जाऊन बसल्या. "बाळा, तुला छबी म्हणू की अन्वी?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"मावशी, कुठलं नाव असलं की परत पाठवत नाहीत?"

एवढ्या मोठ्या मुलीला मावशींनी कडेवर उचललं आणि पंगतीपर्यंत तशाच घेऊन गेल्या.