पेढे आधी, नात नंतर

माझी नात जन्माला येण्याआधी काही आठवडे मुलगा होती. तेवढ्या अवधीत मी डब्लिनमधल्या यच्चयावत मराठी घरांत पेढे वाटले. (डब्लिन म्हणजे आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. त्या डब्लिनपर्यंत माझे पेढे पोचले नाहीत, हीच काय ती समाधानाची गोष्ट.)

नागपूरहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात फरशा उचलत होतो. आज फरशांचं दुकान माझं आहे. ते दोन तत्त्वांवर उभं राहिलं. एक, सांगितलेली किंमत कधी द्यायची नाही. दोन, माल उघडून, हात लावून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. या तत्त्वांनी माझं कधी नुकसान केलं नव्हतं. केलं ते एकदम घाऊक!

माझी लेक केतकी आमच्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे राहते. तिला दिवस गेले, आम्ही सगळे हवेत! आणि एक दिवस ती म्हणाली, "बाबा, घरच्या घरी करायची टेस्ट मिळते. बोट टोचून रक्त पाठवायचं. मुलगा की मुलगी, लवकर कळतं. मी ऑर्डर करतेय."

मी दचकलो. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही दवाखान्यातली पाटी वाचत म्हातारा झालेला माणूस मी! इथे तीच गोष्ट खोक्यात घालून घरपोच! पण लगेच तत्त्व क्रमांक एक जागं झालं.

"तू नको मागवू. नव्याच्या भावात कशाला? मी बघतो."

एका माणसानं न वापरलेलं किट ऑनलाइन विकायला काढलं होतं. आम्ही ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये भेटलो.

"सीलबंद आहे," तो म्हणाला.

"म्हणजे आत काय आहे ते तुलाही माहीत नाही," मी म्हणालो आणि त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर सील फोडलं. टोचायची सुई होती, पट्टी होती, पाकीट होतं आणि रक्त भरायची एक चिमुकली नळी होती. फरशीचा बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. म्हणून झाकण काढून मी करंगळी नळीच्या तोंडाशी आतून नीट फिरवली. तडा नव्हता. मग "उघडा माल आहे हा," असं म्हणून भाव आणखी पाडला. (उघडला मीच होता. पण धंदा म्हणजे धंदा!)

रविवारी आमच्या घरी सगळे जमले. केतकीनं माहितीपत्रक वाचायला घेतलं आणि पहिलाच बॉम्ब पडला. "टेस्टच्या वेळी जवळपास पुरुष नको. पुरुषानं वापरलेला टॉवेल नको. नर कुत्रासुद्धा नको."

"का? कुत्र्यानं काय केलंय?"

"आईच्या रक्तात बाळाचे अगदी सूक्ष्म अंश असतात, बाबा. त्यात पुरुषाचा अंश सापडला की मुलगा, नाही सापडला की मुलगी. तो अंश कुणाचा, हे टेस्टला कळत नाही." मग तिनं खोकं फिरवून पाहिलं. "सील का तुटलंय?"

"पोस्टात तुटलं असेल. हल्ली पोस्टाचा काही भरवसा नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं, की क्षणभर मलाच पोस्टाचा राग आला.

पुढे मला बाहेर काढलं, तेव्हा मात्र मी खवळलो. "माझ्या घरात, मी आणलेल्या किटसाठी मलाच हाकलता?"

"अहो, जावई बघा कसे गपचूप बाहेर उभे आहेत!" सुनंदा, म्हणजे माझी बायको, दार लावत म्हणाली.

ड्राइव्हवेवर मी आणि जावई नीलेश कुडकुडत उभे राहिलो. तो म्हणाला, "बाबा, काहीही असो, बाळ हेल्दी असलं म्हणजे झालं."

"अर्थात!" मी म्हणालो. या बाबतीत माझी छाती नेहमीच पुढे असते. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, ही आमच्याकडची रीत. केतकी झाली तेव्हा माझ्या आईनं बर्फी सांगितली होती. मी ती कॅन्सल करून पेढे वाटले! केतकीच्या प्रत्येक वाढदिवसाला ही गोष्ट मी केकआधी सांगतो.

रिपोर्ट आला. मुलगा!

"बाबा," केतकी म्हणाली, "डॉक्टरांकडून पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

सांगायचं नाही असं ठरलं होतं. वाटायचं नाही असं कुठे ठरलं होतं? मी थेट मिठाईवाल्या भरतभाईच्या दुकानात गेलो. थोडे पेढे घेतले असते तर भाव पडला नसता, म्हणून पुष्कळ घेतले. पुष्कळ घेतल्यामुळे पुष्कळांकडे जावं लागलं. प्रत्येक दारात एकच संवाद.

"अरे वा! पेढे कशाचे?"

"ओळखा!"

लोक ओळखत होते. मी शब्द पाळत होतो.

आणि मग डॉक्टरांकडचा रिपोर्ट आला. मुलगी. पुढच्या स्कॅनमध्येही मुलगीच. केतकी नीलेशला घेऊन घरी आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, जोशी काकूंनी निळं स्वेटर विणायला घेतलंय. त्यांना कुणी सांगितलं?"

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी किटच्या कंपनीला फोन लावला! तोही स्पीकरवर, सगळ्यांना माझा बाणेदारपणा ऐकू यावा म्हणून.

"तुमची टेस्ट खोटी! पैसे परत करा!"

"सॉरी सर," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "किट सीलबंद होतं का?"

"आधी होतं."

"नळीला कुणा पुरुषाचा हात लागला होता?"

"हात? छे! मुळीच नाही!"

"नक्की, सर?"

"फक्त करंगळी."

सुनंदानं गॅस बंद केला. नीलेश खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागला.

"सर," बाई म्हणाली, "मग टेस्ट चुकलेली नाही. नळीत पुरुष होता. तिनं तसं सांगितलं."

फोन ठेवला. केतकी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "बाबा, हा रिपोर्ट मुलगी म्हणून आला असता, तर त्याच दुपारी भरतभाईकडे धावला असतात?"

मी पुन्हा कंपनीचा नंबर शोधायला लागलो.

"आणि मी झाले तेव्हा पेढे वाटलेत," ती म्हणाली, "की त्या दिवशी बर्फी महाग होती?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. बर्फी महाग होती.

दुसऱ्या दिवशी मी भरतभाईकडे जाऊन तेवढेच पेढे घेतले. त्यानं भाव सांगितला, मी दिला. तो घाबरून काउंटरबाहेर आला. "शेठ, तबियत तो ठीक है ना?"

मग पुन्हा तीच घरं. या वेळी केतकी गाडी चालवत होती, आणि प्रत्येक दारात मी काय बोलतो ते काच खाली करून ऐकत होती.

"पुन्हा पेढे?"

"मुलगी आहे. मागच्या वेळचा मुलगा मी होतो."

शेवटच्या घरापर्यंत ती हसू दाबत होती. जोशी काकूंच्या दारात तिला ते दाबता आलं नाही, आणि माझ्या जिवात जीव आला.

पैसे कंपनीनं अजून दिलेले नाहीत. (माहितीपत्रकात 'करंगळी' असा स्पष्ट शब्द हवा होता, हे माझं मत आजही कायम आहे!) नातीसाठी जोशी काकूंनी नवं पिवळं स्वेटर विणलं. निळं त्यांनी वाया घालवलं नाही, तेच वाढवून मला दिलं. म्हणाल्या, "रिपोर्ट तुमचा, तर स्वेटरही तुमचंच."

नातीला मांडीवर घेताना मी तेच घालतो. मापाला अगदी बरोबर आहे. फक्त बाह्या काकूंनी मुद्दाम इतक्या लांब केल्यात, की करंगळी बाहेर निघत नाही.