पाचशेचा पोळपाट

जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात मी पोळपाट विकतो. बाभळीच्या एकाच तुकड्यातून कोरलेला, तीन पायांचा, खिळा कुठेच नाही. एकाला दीड दिवस लागतो. तरी बरीच वर्षं मी तो दोनशेला द्यायचो, कारण शेजारी यंत्रावरचा दीडशेला मिळायचा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत मीच वीस रुपये उतरायचो.

गेल्या हिवाळ्यात बायको सोबत आली. दुपारी भाकरी खाताना तिनं विचारलं, "त्यायनं मागितलं न्हाई, तरी तुमी काहून कमी करता?"

ती कापूस वेचायला जाते; तिची एका दिवसाची मजुरी माझ्या पोळपाटाहून जास्त होती.

पुढच्या बाजारी तिनं घरचा, बारा वर्षं वापरलेला पोळपाट आणून नव्यांच्या शेजारी ठेवला. भाव पाचशे सांगायचा आणि मग गप्प बसायचं, असं तिनं मला बजावलं.

डोंगरकडा गावची एक बाई लेकीच्या लग्नाची खरेदी करत होती. तिनं भाव विचारला, मी सांगितला. ती माझ्याकडे बघत राहिली. वीस कमी द्या, हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. मग तिनं जुना पोळपाट इथं कशाला ठेवलाय म्हणून विचारलं.

"आमच्या घरचा हाय," बायको म्हणाली. "बारा वरसं रोज पोळ्या लाटते. दाबून पाहा, हलते का."

बाईनं कडेवर तळवा दाबला. पोळपाट हलला नाही. ती काही न घेता निघून गेली. त्या दिवशी एकही विकला गेला नाही.

आठ दिवसांनी ती बाई जावेला घेऊन आली. दोन घेते तर काही कमी होईल का, असं तिनं विचारलं.

"पाचशेच," मी म्हणालो. तिनं दोन्ही घेतले.

जावेनं फोनवर फोटो काढून नात्यात पाठवले आणि तिथून मागणी सुरू झाली. उन्हाळ्यात हिंगोलीचा एक भांडीवाला घरी आला. पन्नास नग घेतो, पण तीनशेने द्या, म्हणाला. मी सांगितलं, महिन्याला पंधराच होतात आणि तेही पाचशेनेच जातात. त्यावर तुम्ही तुमचा नफा लावा. चहा पिऊन तो विचार करतो म्हणून गेला, तो परत आला नाही.

तो गेला तसा मी पुन्हा पटाशी हातात घेतली. तिसरा पाय कोरायचा राहिला होता.