सव्वा इंच खाली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे वाचून झाल्यावर माझा विश्वास बसवायला कोणी घरी येऊ नये, हीदेखील विनंती. मी नागपूरच्या एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. जे फूटपट्टीनं मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा खाक्या. पंचाईत एवढीच की ही गोष्ट मी फूटपट्टीनं मोजली आहे...

एकोणऐंशीचा हिवाळा. तेव्हाही मी याच सक्करदऱ्याच्या खोलीत एकटा राहत होतो. खाली घरमालकीण काकू, वर मी. सोबतीला एक स्टोव्ह आणि एक रेडिओ, आणि तो रेडिओ मूडमध्ये असेल तरच बोलायचा. माणूस म्हणाल तर एकच होता – वासू. ऑफिसात त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून. लहानपणी बैलगाडीतून पडून त्याची डावी मांडी मोडली होती. हाड नीट जुळलं नाही, पाय आखूड राहिला. लंगडायचा, पण त्याबद्दल कोणी हळहळलं की भयंकर चिडायचा.

सदर बाजारातल्या रद्दीच्या दुकानात त्याला एक परदेशी मासिक सापडलं. त्यात एका मोटारसायकलचा फोटो होता – हँडल खाली वाकवलेलं, सीट एकट्यापुरती, टाकी दोन्ही बाजूंनी आत दाबलेली, म्हणजे गुडघे तिला चिकटून बसावेत. खाली लिहिलं होतं, ‘कॅफे रेसर’.

“आपल्याकडे कॅफे कुठी हाये?” वासू म्हणाला. “आपण टपरी रेसर बनवू.”

“आणि मी कुठं बसू?”

“तू पुढं जाऊन चहा सांगून ठेव!”

त्याच्या काकांची पावणेदोनशे सीसीची जुनी गाडी महाल भागातल्या त्यांच्या एकत्र घराच्या पडवीत धूळ खात होती. तिच्यावर आम्ही हात आजमावायचं ठरवलं. मी ऑफिसच्या ट्रेसिंग पेपरवर तिचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढलं. आणि ऑगस्टमध्ये वासूला कावीळ झाली.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात तो अकरा दिवस होता. पहिले सात दिवस मी रोज गेलो. मग त्याचे डोळे इतके पिवळे झाले की मला बघवेना. शेवटचे चार दिवस ‘ऑफिसात काम आहे’ असा निरोप पाठवला आणि संध्याकाळी तलावाच्या काठावर बसून राहिलो. तो माझी वाट पाहत होता, हे मला त्याच्या आईनं सांगितलं... नंतर. काही लपवून लिहायचं असेल तर लिहूच नये, म्हणून हे लिहिलं.

तेराव्यानंतर त्याची आई म्हणाली, “गाडी तूच ने बाबू. इथं राहिली तर मले दिवसभर दिसन.”

मग दर रविवारी मी एकटाच त्या गाडीशी झोंबत बसायचो. लांब सीट काढून एकट्यापुरती बसवली, मागची फ्रेम कापून आणली, हँडल वाकवलं. चांगली गाडी झाली तर त्या चार दिवसांची थोडी तरी भरपाई होईल, असं मला वाटत होतं. वेडेपणाच, पण दुसरं काय करणार होतो?

टाकी मात्र माझ्या हातची नव्हती. उमरेड रोडला मारोतराव म्हणून डेंटिंगवाले होते. त्यांची पद्धत साधी. माणसाला गाडीवर बसवायचं, पँटला गुडघ्याच्या आतल्या बाजूनं खडू फासायचा आणि गुडघे टाकीला दाबायला लावायचे. जिथं खडू उमटेल तिथं लाकडी हातोड्यानं खळगा पाडायचा. मी गाडी त्यांच्याकडे ठेवली. रविवारी माप द्यायला येतो म्हणालो, आणि त्याच आठवड्यात ऑफिसनं मला चार दिवस गोंदियाला पाठवलं.

रविवारी गेलो तर टाकी ठोकून तयार.

“अहो मारोतराव, माप कुठं दिलं मी?”

“माप तर तुमचे दोस्त देऊन गेले ना साहेब. गुरुवारी दुपारी.”

“कोण दोस्त?”

“मले काय मालूम जी? जरा लंगडत होते. म्हणे गाडी माहीच हाये, मीच बसतो. मी म्हटलं भाऊ, तुमचा एक गुडघा खाली येऊन राहिला, दोन्ही बाजू बराबर करून देतो, देखणं दिसते. तर चिडलेच! म्हणे, खडू जिथं लागला तिथंच ठोका.”

मी गाडीवर बसलो. उजवा गुडघा खळग्यात बसला. डावा बसेना. खिशातली पट्टी काढली. डावा खळगा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली, आणि जवळजवळ इंचभर मागे. डावी मांडी आखूड असलेल्या माणसाचा गुडघा नेमका तिथं येतो. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

मारोतरावांनी वासूला कधी पाहिलं नव्हतं. गाडी तिथं आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला आडून विचारलं. घरचं कोणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. तुम्ही विचाराल, मारोतरावांना फोटो दाखवला का? ऑफिसच्या सहलीचा फोटो पाकिटात होता. नाही दाखवला. ते ‘नाही जी, हे नव्हते’ म्हणाले असते तर?

मी एवढंच विचारलं, “काही बोलले का?”

“लई नाही. चहा पाजला त्याइले. सीट मस्त झाली म्हणे, हँडल आणखी खाली पाहिजे म्हणे.”

“माझ्याबद्दल काही?”

मारोतरावांनी हातोडा खाली ठेवला. आठवून पाहिलं. भला माणूस, खोटं बोलता आलं नाही. “नाही जी. तुमचं नाव नाही काढलं.”

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला राग आला – एवढा आलास, अनोळखी माणसाच्या दुकानात बसून चहा प्यालास, आणि माझी साधी चौकशी नाही? मग गाडीला टेकून भर रस्त्यात मला रडू फुटलं. ते चार दिवस तो विसरला नाही, असंच मी धरून चाललो.

घरी आल्यावर काकूंना विचारलं, “गुरुवारी दुपारी माझ्याकडे कोणी आलं होतं का?”

“दुपारी माहा डोळा लागते जराक,” काकू म्हणाल्या. “पण तुह्याकडे कोन येते गा?”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. खरंच कोणी येत नसे.

याला आता दहा वर्षं होत आली. मारोतराव दोन्ही बाजू सारख्या करून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. गाडी अजून चालवतो, डावा गुडघा बाहेर काढून. लोकांना वाटतं मला वाताचा त्रास आहे. ऑफिसातला एकजण म्हणतो, कोणीतरी थट्टा केली असेल. दुसरा म्हणतो, मारोतरावांचाच हात चुकला आणि त्यांनी गोष्ट रचली. असेलही. पण मग सव्वा इंचच कसा चुकला, आणि डावीकडेच का, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. मलाही सांगता येत नाही.

फक्त दौऱ्यावर निघताना मी आता खोलीची किल्ली काकूंकडे देतो. कोणी लंगडत आलं तर वर बसवा, चहा द्या, मी येईपर्यंत जाऊ देऊ नका, एवढं सांगतो. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कोण येणार, कुठून येणार, काकूंनी काही विचारलं नाही. किल्ली पदराला बांधली आणि म्हणाल्या, “जाय बाबू तू. आता मी दुपारची झोपतच नाही.”