आईला म्हणलं, फोटो काढू नको

मंडळी, आज दुपारी माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. आता जिवात जीव आलाय, म्हणून सांगते.

मी अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला. क्लाउडमधले सगळे फोटो नव्या फोनच्या क्लाउडवर पाठवायला लावले, त्याला चार-दोन दिवस लागतात म्हणे. जुना फोन गावाकडं, डोंगरकड्याला, आईला देऊन आले. त्यात खातं अजून माझंच आहे, म्हणजे आईनं तिथून फोटो पुसला की क्लाउडमधूनबी गेला. म्हणून निघताना बजावलं, "आई, फोटो काढू नको बरं!"

आज हिंगोलीत ऑफिसात असताना तिचा फोन आला. "बाई, तू नको म्हणलीस, पण मी सकाळपासून फोटोच काढून राहिले."

लेकरांचं बाळपण, बहिणीचं लग्न, सगळं त्यातच! बसल्या जागी क्लाउड उघडलं.

जुनं सगळं बराबर जागेवर होतं. वर नवीन आले होते: वाळत घातलेली हळद, वासराचं अर्धं तोंड, चूल, आईचं बोट, आन् बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेले बाबा.

मी म्हणत होते, पुसू नको. तिला वाटलं, नवे घेऊ नको.

"अगं, काढायचेच न्हाईत तर फोन देलास काहून?" आईनं विचारलं.

मी हसले, मग जुने फोटो चाळून बघितले. इतक्या वर्षांच्या फोटोंत आईनं काढलेला एकबी नव्हता. ती दिवसभर काय बघत असते, ते मी आज पहिल्यांदा बघितलं.

तुमच्याकडं आहे का हो, तुमच्या आईनं काढलेला एखादा फोटो?