टीव्हीच्या डब्यावरची आंबील

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आतड्यात कोणते जंतू चांगले आणि कोणते वाईट, हे मला सांगता येत नाही. सून सांगते, मोबाईलवर वाचून. पण बिघडलेलं पोट जागेवर कसं आणायचं हे मला येतं, आणि मागच्या हिवाळ्यात गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते मी करून दाखवलं. माझ्या नवऱ्यावर.

त्यांना टायफॉइड झाला होता. ताप गेला, औषधांचा कोर्स संपला, पण पोट थांबेना. दिवसाला सहा-सात वेळा संडास. दूध दिलं की पोट फुगायचं, दह्याचंही तसंच. पुन्हा तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, आतडी थकलीत, वेळ लागेल, हलकं खायला द्या. एरवी सकाळ-संध्याकाळ पार्कात फिरणारा हा माणूस खाली उतरेना. कारण तोंडाने सांगत नव्हते, पण मला कळत होतं. वाटेत लागली तर? चारचौघांत कपडे खराब झाले तर? दीड महिना त्यांचं जग म्हणजे पलंग, सोफा आणि संडास. पायजम्याची नाडी दर आठवड्याला जास्त ओढावी लागायची. अशी उतरणीला लागलेली माणसं मी माहेरी पाहिली आहेत. आधी बाहेर जाणं सुटतं, मग जेवण, मग बोलणं. यांचं बोलणं कमी व्हायला लागलं होतं.

मी ठरवलं, आंबील करायची.

यात एक अडचण होती. आंबील आमच्या घरात बंद होती. लग्न होऊन दिल्लीला आले, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मी ज्वारीचं पीठ आंबत घातलं होतं. यांना वास आला. म्हणाले, "हे इथं नको. ऑफिसातली माणसं घरी येतात. शेतावरच्या गड्यांचं खाणं आहे हे." यांचे स्वतःचे वडील तेच पिऊन दिवसभर नांगर धरायचे. पण बाबू झाल्यावर माणसाला वडिलांची न्याहारी आठवत नाही. मी वाद घातला नाही. चाळीसएक वर्षं छोले केले, राजमा केला, पराठे केले, आणि चांगले केले. शेजारच्या पंजाबी बाईकडून काळ्या गाजराची कांजी शिकले. ती यांना आवडायची, पाहुण्यांना कौतुकाने द्यायचे. म्हणजे मोहरीच्या पाण्यात आंबवलेलं त्यांचं गाजर चालतं, आपली ज्वारी चालत नाही.

आता ज्वारीचं पीठ इथल्या दुकानात पाकिटातून मिळतं. पाकिटावर योगासन करणारी बाई असते. मी एक आणलं आणि लहान मडक्यात पाणी घालून कालवून ठेवलं. पण महिना डिसेंबरचा. गावाकडे जे एका रात्रीत आंबतं, ते इथं दोन दिवसांनीही ढिम्म. गोधडीत गुंडाळलं, तरी नाही. तिसऱ्या दिवशी टीव्हीची धूळ पुसताना खालच्या केबलच्या डब्याला हात लागला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम. मी त्यावर जाड फडकं ठेवलं, फडक्यावर ताटली आणि ताटलीत मडकं.

"हे काय?" यांनी सोफ्यावरून विचारलं.

"तुमचं औषध. टीव्ही बंद करायचा नाही."

"बातम्या संपल्यावर?"

"मालिका बघा."

दुसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा त्यांनी ओळखलं. "आंबील आहे ना ही? मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं तेव्हा पोट तुमच्या ताब्यात होतं. आता माझ्या ताब्यात आहे."

त्या संध्याकाळी मी भाजी आणायला खाली गेले. परत येते तर सून नोएडाहून ऑफिस संपवून आलेली, आणि मडकं ओट्यावर पालथं.

"आई, त्यात काहीतरी सडलं होतं. बुडबुडे येत होते. मी फेकून दिलं, आणि मस्त साबणाने धुतलं बिल्कुल."

"ते बुडबुडे यायला चार दिवस लागले, बाई."

तिने जीभ चावली. मोबाईलवर फर्मेंटेड काय काय वाचणारी मुलगी, पण समोर आलं तेव्हा ओळखू आलं नाही. मातीच्या भांड्यात साबण मुरतो, ते मडकं कामातून गेलं. मी त्यात तुळशीचं रोप लावलं. नवं मडकं आणायला तिलाच पाठवलं.

"चलो, वाचलो," हे सोफ्यावरून म्हणाले आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

"दोन दिवसांसाठी," मी म्हटलं.

दोनच दिवस लागले. डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, शिजवून द्या, ताजं द्या, थोडं द्या, गोळ्या बंद करू नका. उकळत्या पाण्यात आंबलेलं पीठ सोडून ढवळत राहिले. मीठ, जिरं, ठेचलेला थोडा लसूण. पहिल्या दिवशी चार चमचे दिले. मी समोर उभी राहिले. त्यांनी चमचा तोंडात घातला, गिळला.

"मीठ कमी आहे."

एवढंच. गड्यांचं खाणं वगैरे काही निघालं नाही.

चार चमच्यांची अर्धी वाटी केली, अर्धीची पूर्ण. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. पाचव्या दिवशी पोट पुन्हा बिघडलं. सून घाबरली, बंद करूया म्हणाली. मी बंद नाही केली, परत चार चमच्यांवर आणली. घाई असणाऱ्याने या कामात पडू नये. दिवसाला सहाचे चार झाले, चारचे दोन. त्यांना न विचारता मी मोजत होते, फ्लशच्या आवाजावरून.

मुलगा म्हणतो, औषधांचा गुण उशिरा आला. आला असेल. डॉक्टरांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण औषधं आधीही चालूच होती, आणि माणूस खंगतच होता. मला जे दिसलं ते मी सांगते.

जानेवारीत एका सकाळी धुकं फिटून ऊन पडलं. यांनी स्वतःहून बूट घातले. "जरा खाली जाऊन येतो." अर्धा तास झाला. तास झाला. फोन घरीच विसरले होते. बाल्कनीतून पार्कातला बाक दिसत नव्हता. दोन तास व्हायला आले तेव्हा मी एका पिशवीत पँट भरली, ओला टॉवेल भरला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

दार उघडलं तर आत हेच. हातात मेथीची जुडी.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही." पिशवी मी पाठीमागे धरली.

"अगं, खाली पार्किंगवरून भांडण लागलं होतं. संपेपर्यंत बसलो. दोघांचंही चूक आहे." बूट काढता काढता म्हणाले, "भूक लागलीय. भाकरी कर."

मी आत जाऊन पँट कपाटात ठेवली. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.