तळमजल्यावरची पहिली

येरवड्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत प्रियदर्शनी गायकवाड पहिलीला शिकवायच्या. आवाज खणखणीत, चालणं भरभर. एखादी गोष्ट त्यांनी मनावर घेतली की समोरच्याची सुटका नसे.

२००१ च्या जूनमध्ये त्यांच्या वर्गात सृष्टी आली. जन्माच्या वेळीच मेंदूला इजा झालेली, त्यामुळे पाय ताठ, बोटं वळलेली, बोलणं अडखळत. पण गोष्ट सांगताना बाई मुद्दाम एखादा शब्द चुकवायच्या, तेव्हा सगळ्यांत आधी हसायची ती. आई द्वारका मूळची वाशिमकडची. कल्याणीनगरच्या नव्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून रोज लेकीला कडेवर घेऊन जिना चढायची.

एका सकाळी जिन्यात तिचा पाय घसरला. सृष्टीची हनुवटी फुटली, टाके पडले. त्यानंतर मायलेकी शाळेकडे फिरकल्या नाहीत, तेव्हा बाईच त्यांच्या घरी गेल्या.

"आता नको बाई," द्वारका म्हणाली. "पोरगी वाढून राहिली, माझ्यानं उचलणं होत नाही. राहू द्या घरीच."

"सोमवारी आणा. जिना चढावा लागणार नाही, एवढं मी बघते."

तळमजल्यावर मोठी खोली एकच होती. तिथं एका कंपनीनं भेट दिलेले कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या खोळी घालून बसले होते. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून दाराला कुलूप. बाईंनी मुख्याध्यापक हिंमतरावांकडे ती खोली मागितली.

"अहो बाई, प्रमुख पाहुणे फीत कापून गेलेत तिथं."

"कॉम्प्युटर एकदाच वर न्यायचेत सर. मुलीला रोज न्यावं लागतं."

"अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात. आपण काय एकीसाठी इमारत उलटी करायची?"

"असतात. दोन बस बदलून. आईनं कामावर कधी जायचं?"

"मग वरून परवानगी आणा," म्हणून हिंमतराव पेपर वाचायला लागले.

परवानगी काही सोमवारपर्यंत येणार नव्हती. सोमवारी बाईंनी अख्खा वर्ग खाली आणला आणि त्या कुलपासमोरच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. खुर्चीवर फळा टेकवला. सृष्टीला भिंतीचा आधार देऊन पहिल्या रांगेत बसवलं. पावसाची झड आत यायची, सतरंज्या ओल्या व्हायच्या, मध्येच एखादं कुत्रं येऊन बसायचं. मुलांना मजा वाटली, पालकांना नाही.

एका मुलाची आजी, सुंदराबाई, तावातावानं आली. "त्या एका पोरीपायी आमच्या नातवानं ओल्यात बसायचं का?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "मीही तेच म्हणतेय. चला, दोघी मिळून सरांना सांगू."

सुंदराबाईंनी भिंतीशी बसलेल्या सृष्टीकडे पाहिलं, तिच्या हनुवटीवरचे टाके पाहिले, आणि कुलपाकडेही. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या बायकांना घेऊन हिंमतरावांच्या दारात उभ्या राहिल्या. "सर, पोरं बाहेर आन् मशिनी आत, हे कसलं?" सर म्हणाले, बघतो. बायका पुढच्या दिवशी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही आल्या. शेवटी हिंमतरावांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि "न्या एकदाचं," एवढंच म्हणाले.

रविवारी मुलांच्या वडिलांनी कॉम्प्युटर वर चढवले. त्यात सृष्टीचे वडील संतोषही होते; रात्रपाळी करून तसेच आलेले. हिंमतराव हे काही विसरले नाहीत. पुढची दोन वर्षं शाळेच्या वाट्याला आलेली प्रत्येक गणना, प्रत्येक निवडणुकीचं काम बाईंच्याच नावावर पडलं. त्यांनी ते केलं.

खोली मिळाली म्हणून सगळं सोपं झालं नाही. सृष्टीच्या हातात पेन्सिल ठरेना. बाईंनी पेन्सिलीला सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली. सृष्टी चिडून फेकायची, शेजारची रतन उचलून द्यायची, ती पुन्हा फेकायची. होळीच्या सुमारास पाटीवर एक वाकडातिकडा 'स' उमटला. द्वारका ती पाटी न पुसता घरी घेऊन गेली.

पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी रांगेत अशी आणखी तीन मुलं होती. एक आईच्या पाठीवर, एक काठी टेकत, एक कानावर हात दाबून. सगळी आसपासच्याच गल्ल्यांतली.

हिंमतराव दारात येऊन बघतच राहिले. "इतकी वर्षं ही मुलं होती कुठं?"

"घरात होती सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या मुलाचं नाव विचारलं.